यमूची उमज

माझं नाव प्रद्युम्न मगदूम. लिहायला त्रास नाही. बोलायला मात्र हे नाव म्हणजे शिक्षा आहे. मी 'प्र'वर अडलो की समोरचा माणूस आधी हसू आवरतो, मग इकडेतिकडे बघतो आणि शेवटी "प्रशांत का?" असं विचारून माझी सुटका करतो. पुष्कळदा मी मान डोलावतो. सांगलीत मला प्रशांत म्हणून ओळखणारी बरीच माणसं आहेत आणि त्यांच्याशी माझं चांगलं जमतं.

मी चष्मेवाला आहे. डोळे तपासताना बोलायचं काम समोरच्याचं असतं, म्हणून हा धंदा मला मानवला. घरी बोलायचं काम केतकीचं. माझी बायको कोर्टात वकिली करते आणि उरलेली वकिली माझ्या वतीनं करते. दूधवाला असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो की माझेच नातेवाईक, मी पहिला शब्द काढायचा आणि बाकीचं वाक्य तिनं पुरं करायचं, असा आमचा संसार सुरळीत चालला होता.

त्यामुळे आमच्या यमूला पहिला संगणक कुठला घ्यायचा हा विषय निघाला, तेव्हा माझं मत आधीच ठरलेलं होतं. यमुना पावणेदोन वर्षांची होती आणि दिवसभर एक बोट पुढे काढून घरभर फिरायची. "ते?" कुकर. "ते?" झाडू. "ते?" वॉशिंग मशीनमध्ये गरगरणारा माझाच शर्ट. केतकी भराभर उत्तरं द्यायची. माझ्यावर पाळी आली की मी अडायचो आणि यमू माझ्या तोंडाकडे टक लावून बघत उभी राहायची. ते बघणं मला सहन व्हायचं नाही. पोटची पोर आपली कीव करते आहे असं वाटायचं.

बाजारात तेव्हा दोनच गोष्टी चालत होत्या. एक पाटी. नावाप्रमाणेच पाटी. हात लावला तर जागी होणार, विचारलं तर सांगणार, नाहीतर गप्प पडून राहणार. दुसरी उमज. मोसंबीएवढा मऊ रबरी चेंडू, मुलाच्या मागे घरभर घरंगळत फिरणारा आणि न विचारता बोलणारा. आमच्या सोसायटीतल्या झाडून सगळ्या पोरांकडे उमज होती. पाटी घेणारे एक तर चिक्कू किंवा तत्त्वाचे समजले जायचे.

उमज कशी चालते ते मला इतरांपेक्षा जरा लवकर कळलं, कारण डोळ्यांतच आमची भाकरी आहे. मूल एखाद्या वस्तूकडे बघतं आणि त्याला काहीतरी विचारावंसं वाटतं, तेव्हा बोट उचलण्याच्या क्षणभर आधी त्याची बाहुली किंचित मोठी होते. आपल्याला ते दिसत नाही. उमज डोळ्याला न दिसणारा उजेड मुलाच्या चेहऱ्यावर टाकते. तो बुबुळावरून परत येतो तेव्हा नजर नेमकी कुठे आहे आणि बाहुली केवढी झाली आहे हे तिला कळतं. काही आठवडे असं निरखलं की त्या मुलाची तऱ्हा तिला पाठ होते. मग प्रश्न मनात उमटतो न उमटतो तोच चेंडूतून गोड आवाजात उत्तर येतं. मुलाला शब्दासाठी झगडावं लागत नाही. एवढं शेवटचं वाक्य जाहिरातीतलं होतं आणि त्याच वाक्यावर मी विकला गेलो.

केतकीला पाटी हवी होती. "विचारू दे की तिला," ती म्हणाली. शेवटी कंपनी उमज काही आठवडे वापरून बघायला देते म्हणून ती राजी झाली. अट एकच होती. मूल दोन वर्षांचं व्हायच्या आत जुळणी करायची. जुळणी झाली की ती उमज त्या मुलाची, ते दहा वर्षांचं होईपर्यंत. मध्येच काढून घेतली तर मुलांना सोसत नाही, असं कंपनीच सांगायची. नाही केली तर चेंडू परत आणि पुन्हा संधी नाही.

पहिले दिवस मजेचे गेले. यमूनं फ्रिजवरच्या चुंबकाकडे बघितलं की उमज म्हणायची, "चुंबक. लोखंडाला चिकटतो." यमूनं माठाकडे बघितलं की उमज आम्हाला हाक मारायची, "यमुनाला पाणी हवं आहे." रडारड बंद झाली. घर एकदम शांत झालं. यमूला आता किती शब्द कळतात त्याचा आलेख मोबाइलवर यायचा आणि तो जिना चढल्यासारखा वर जात होता. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी तो न बोलता दाखवायचो.

"तुझ्या लक्षात आलंय का?" एका सकाळी केतकी मला म्हणाली. "ती बोट दाखवायची थांबलीये."

"ग… गरज नाही म्हणून."

"आणि बघायचीपण थांबलीये. आधी वस्तूकडे बघायची, मग माझ्या तोंडाकडे, मग परत वस्तूकडे. आता फक्त वस्तूकडे बघते. मी त्या खोलीत असले काय नि नसले काय."

मी मोबाइलवरचा आलेख तिच्यापुढे धरला. तिनं तो बघितलाही नाही. बॅग उचलून कोर्टात निघून गेली.

मग अक्का आली. माझी थोरली बहीण. मिरजेला असते. तिच्याकडे रंगकाम निघालं होतं म्हणून चार दिवस राहायला आली आणि येताना तांब्याच्या डबीत घरचं काजळ घेऊन आली. एरंडेलाच्या दिव्यावर ताटली धरून काढलेली काजळी, तुपात खललेली. आम्ही दोघं चहा घेत होतो तोवर तिनं यमूला मांडीवर घेऊन डोळ्यांच्या कडा काजळानं भरल्या, गालाला तीट लावली आणि कानशिलावर बोटं मोडली.

"अक्का, डॉक्टर नको म्हणतात हो काजळ," केतकी म्हणाली.

"डोळ्यात न्हाई घातलं, कडेनं लावलंय. पोरगी बघ कशी उजळली!"

यमूनं लगेच डोळे चोळले आणि दोन्ही डोळ्यांभोवती काळी वलयं पसरली. ती मांडीवरून उतरली आणि खिडकीशी गेली. बाहेरच्या तारेवर एक खंड्या बसला होता. उमज घरंगळत तिच्यामागे गेली, थांबली आणि म्हणाली, "पडदा."

यमूनं वळून चेंडूकडे बघितलं.

"भिंत," उमज म्हणाली. "यमुनाला झोप आली आहे."

मला कारण कळायला वेळ लागला नाही. काजळी म्हणजे शुद्ध कोळसा. न दिसणारा उजेड ती गिळून टाकते. उमजला बाहुली कुठली आणि फासलेलं काजळ कुठलं हे कळेनासं झालं होतं. यमूला मात्र काहीच कळत नव्हतं. तिनं पाय आपटले. चेंडूला लाथ मारली. मग फरशीवर बसून टाहो फोडला. चेहरा लाल, ओठ थरथरतायत, आत काहीतरी आहे आणि ते बाहेर येत नाही. हे मला बाहेरून बघायची सवय नव्हती. आतून होती. मी धावलो, तिला उचललं आणि ओल्या रुमालानं काजळ खसाखसा पुसायला लागलो.

"अरे, थांब!" केतकी ओरडली. "तिचा हात बघ!"

यमूचा हात माझ्या खांद्यावरून खिडकीकडे गेला होता. एक बोट पुढे. ती रडत होती, पण केतकीच्या तोंडाकडे बघत होती.

मी पुसणं थांबवलं नाही. डोळे स्वच्छ झाले, उमज म्हणाली, "खंड्या," आणि यमूचा हात खाली आला.

अक्का गेली, डबी विसरून गेली. मी कंपनीला सविस्तर लिहिलं. काजळ कशानं आडवं येतं, कुठल्या उजेडात येणार नाही, बाहुलीची कड कशी शोधता येईल, सगळं. लिहिताना मी अडत नाही, तेव्हा चांगलं लांबलचक लिहिलं. कंपनीनं आभार मानले. आपल्याकडे घरोघरी पोरांना काजळ घालतात आणि हे त्यांच्या एवढ्या शहाण्या माणसांना सुचलं नव्हतं, याचा मला मनातून भारी अभिमान वाटला. पुढच्याच आठवड्यात सगळ्या उमजांमध्ये सुधारणा येऊन पडली.

त्या संध्याकाळी दुकानातून आलो तर केतकी यमूला घेऊन गॅलरीत बसली होती. यमूच्या पापण्यांच्या कडेला काजळ होतं. केतकीच्या बोटाला पण.

"हे रोज चाललंय?"

"तू दुकानात गेलास की. तास-दीड तास. मग धुऊन टाकते." तिनं नजर चोरली नाही. "काल ती मला तीनदा हाक मारून म्हणाली, 'आई, ते?' तीनदा, प्रद्युम्न! आज मात्र एकदाही नाही. आज काजळ लावूनसुद्धा चेंडूला सगळं दिसतंय. काय झालं काय कळत नाही."

मी सांगितलं. दोन-तीन ठिकाणी अडलो, पण सांगितलं.

"तू त्यांना शिकवलंस? तू?"

"मग काय करायचं? तिला फ… फरशीवर डोकं आपटू द्यायचं? मी बघू शकत नाही ते. मी पाच वर्षांचा होईपर्यंत…" आणि मी अडलो.

"तुला कुणी समजून घेतलं नाही," केतकी म्हणाली. "माहितीये मला. पण म्हणून…"

"न… नाही!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की शेजारच्या गॅलरीतल्या बाई आत गेल्या. "मला ते म्हणायचं नव्हतं! मी पाच वर्षांचा होईपर्यंत अ… अक्का माझं सगळं बोलायची. माझ्या डोळ्यांकडे बघून तिला कळायचं. आणि मला ते आवडायचं. हे म्हणायचं होतं. तू दर वेळी म… मधेच पुरं करतेस आणि दर वेळी ते माझं नसतं. मी मान डोलावतो, कारण त… तेवढंच सोपं असतं."

वकील माणूस गप्प बसला की घाबरायला होतं. केतकीनं यमूचा गाल पुसला.

"बरं," ती म्हणाली. "उद्या जुळणीचा फोन येईल. दोघांचा होकार लागतो. मी तुझ्यावर सोपवते. तू म्हणशील ते. मी मधे एक अक्षर बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मी दुकान बंद ठेवलं होतं. समोरच्या पडद्यावर कंपनीची एक हसरी मुलगी. यमूला सतरंजीवर बसवा, म्हणाली, शेवटची मापं घ्यायची आहेत, तोवर तिला काहीतरी दाखवत राहा. यमूपुढे उमज स्थिर उभी होती आणि तिच्या पोटात बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता. माझ्या खिशात दुकानातलं भिंग होतं. मी ते काढून यमूच्या तळहातावर धरलं. तिच्या रेषा दोरखंडाएवढ्या दिसायला लागल्या. तिनं एकदा भिंगाकडे बघितलं आणि मग, कितीतरी दिवसांनी, माझ्याकडे.

"भ…" मी म्हणालो. "भ… भ…"

ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तेच बघणं. पण आज मला पळून जायला जागा नव्हती, म्हणून मीही तिच्याकडे बघितलं. जन्मभर मी लोकांचे डोळे तपासतोय, आणि माझ्याच पोरीचे डोळे मी नीट तपासले नव्हते. त्यांत कीव नव्हती. तिचं अंग पुढे झुकलं होतं, तोंड अर्धवट उघडं होतं. मी गोष्ट सांगतोय आणि ती ऐकते आहे, इतकंच. ती थांबली होती. माझ्यासाठी.

"भिंग," उमज म्हणाली. "बाबांना म्हणायचं आहे, भिंग."

यमूनं तोंड मिटलं. तिची नजर माझ्यावरून सरकली आणि चेंडूवर गेली. परत आली नाही.

मला इतका राग आला की कानशिलं तापली. हा शब्द माझा होता. तिनं तो माझ्याकडून मागितला होता आणि मी तो देणारच होतो. कुणी सांगितलं होतं मधे पडायला? आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की सांगणारा मीच. मी जन्मभर ज्या गोष्टीनं घुसमटलो, तीच मी माझी पोर दहा वर्षांची होईपर्यंत तिच्या गळ्यात बांधायला निघालो होतो.

"मापं झाली!" पडद्यावरची मुलगी म्हणाली. "आईंचा होकार?"

"ते म्हणतील तेच माझं," केतकी म्हणाली. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

"छान. सर, तुम्हीही तोंडी सांगा. जुळणी करू ना?"

मला 'नको' म्हणायचं होतं. एवढासा शब्द.

"न…" मी म्हणालो. "न… न…"

घसा बंद झाला. हे घाई केल्यानं सुटत नाही, हे मला माहीत आहे, पण घाई होतेच. छाती भरून आली, जबडा आखडला. उमज माझ्याकडे वळली. इतके आठवडे ती घरात होती, तिनं मलाही निरखलं होतं. मला तिचं कौतुक करताना ऐकलं होतं. तिच्या हिशेबात माझं उत्तर ठरलेलं होतं.

"बाबांना म्हणायचं आहे, नक्की करा," उमज म्हणाली.

"थँक यू सर!" मुलीचा हात कुठेतरी पुढे गेला. "मी नोंद करून टाकते."

मी मान हलवली, जोरात हलवली. आडवी हलवली की उभी, देव जाणे. आयुष्यभर ती उभीच हलवायची सवय. मी केतकीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत दिसत होतं की मी काय म्हणणार आहे ते तिलाही ठाऊक नाही. हो की नाही, खरंच ठाऊक नाही. ती ताडकन उठली.

"थांबा!" तिचा कोर्टातला आवाज. "हात बाजूला घ्या. त्यांचं बोलणं पुरं झालेलं नाही."

"मॅडम, आपल्या उमजनं तर…"

"उमज साक्षीला उभी नाहीये. साक्ष यांची चाललीये. हे बोलायला लागलेत आणि अजून थांबलेले नाहीत. मधे कुणी शब्द घातलेला चालणार नाही. मी घातलेलासुद्धा."

मुलीनं हात मागे घेतला. उमजचा दिवा लुकलुकत राहिला. केतकी तशीच उभी राहिली, माझ्याकडे तोंड करून, ओठ घट्ट मिटून. तिला ते किती जड जात होतं ते तिच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि एवढा वेळ तिनं मला कधीच दिला नव्हता. मीही कधी मागितला नव्हता.

मी श्वास सोडला. सगळा. मग थोडा घेतला.

"नको," मी म्हणालो. "आम्हाला उ… उमज नको. परत न्या."

पुढचं सोपं असेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. चेंडू गेला त्या संध्याकाळी यमू त्याला शोधत पलंगाखाली शिरली आणि बाहेर यायला तयार होईना. पुढचे कित्येक दिवस ती वस्तूंसमोर उभी राहायची आणि वाट बघायची. आवाज आला नाही की आधी किंचाळायची, नंतर तेही बंद झालं आणि नुसती उभी राहायला लागली. ते किंचाळण्याहून वाईट होतं. आम्ही पाटी आणली. यमूनं तिच्यावर बाहुली झोपवली आणि पांघरूण घातलं. डॉक्टर म्हणाले, बोट परत येईल बहुतेक. त्या 'बहुतेक'वर केतकी त्यांच्याशी भांडून आली. मी मात्र रात्रंदिवस त्याच शब्दाला धरून होतो, कारण दुसरं काही हातात नव्हतं. आपण पोरीचं नुकसान केलं, आधी आणून केलं की नंतर काढून केलं, एवढाच प्रश्न मनात घोळत राहायचा.

एका रविवारी आम्ही तिघं दुकानात होतो. केतकी काचा पुसत होती. यमू माझ्या मांडीवर होती आणि भिंतीवरच्या आरशाकडे बघत होती. आरशाकडे नाही, आरशाच्या वरती. तिथे एक पाल होती. मला नजर वाचता येते, तेव्हा मला ते लगेच कळलं. केतकीलाही कळलं. तिचं तोंड उघडलं. मी बोट ओठांवर ठेवलं. तिनं तोंड मिटलं आणि एकच काच पुन्हा पुन्हा पुसायला लागली.

यमूनं वाट बघितली. कुणी काही बोललं नाही. तिच्या कपाळावर आठी पडली, ओठ थरथरायला लागले. सांगून टाक, असं माझं आतडं ओरडत होतं. मी गप्प राहिलो.

मग तिनं माझा हात धरला. माझं पहिलं बोट तिच्या मुठीत घेतलं, उचललं आणि नेम धरल्यासारखं आरशाच्या वर रोखलं. स्वतःचं नाही, माझं बोट. आणि मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"प…" मी म्हणालो.

अडलो. केतकीचा फडका थांबला. तिनं आमच्याकडे पाठ फिरवली.

"प… प…"

यमूनं स्वतःचे ओठ माझ्यासारखे मिटून बघितले. सोडले. पुन्हा मिटले. पालीला तेवढ्यात एक चिलट सापडलं, ते खाऊन तिनं जागा बदलली, यमूनं माझं बोट तिच्यामागोमाग सरकवलं आणि पुन्हा माझ्याकडे बघत राहिली. तिला कसलीही घाई नव्हती.

"पाल," मी म्हणालो.

"पाल," यमू म्हणाली.

केतकी पाठमोरीच होती आणि तिचे खांदे हलत होते. मलाही समोरचं नीट दिसत नव्हतं. यमूला आमच्या रडण्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं माझं बोट सोडलं, स्वतःचं काढलं आणि वर छताकडे केलं.

"ते?"

पंखा. मी पुन्हा श्वास घेतला, ओठ मिटले, आणि सुरुवात केली.